रविवारपर्यंत खोली खाली करा

बुधवारी रात्री साडेनऊला फोन आला. आमच्या ऑफिसातली मुलगी, वय चोवीस, सिंहगड रस्त्यावर मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. आवाज रडवेला. एजंटने तिला सांगितलं होतं, "मॅडम, मालकांना घर हवंय. रविवारपर्यंत खोली खाली करा. डिपॉझिट चावी दिल्यावर मिळेल." करार अकरा महिन्यांचा, त्यातले चार महिने बाकी. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जातं, एकदाही चुकलेलं नाही.

"काका, असं करता येतं का त्यांना?"

नाही. करता येत नाही. फोनवर नाही, एजंटच्या तोंडून नाही आणि चार दिवसांत तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिला करार आणायला सांगितला. तिच्याकडे कागद नव्हता, पीडीएफ मेलमध्ये पडून होती आणि तिने ती कधी उघडलीच नव्हती. तिचा काय दोष? एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. कॅमेऱ्यात बघा म्हणतो, अंगठा दाबा म्हणतो, ओटीपी विचारतो, दहा मिनिटांत निघून जातो. करार वाचा, असं काही तो म्हणत नाही. आम्ही दोघांनी डायनिंग टेबलावर बसून वाचला. चौथ्या पानावर कलम सापडलं: मुदतीच्या आत परवाना रद्द करायचा असेल तर मालकाने एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, राहणाऱ्याला आधी सोडायचं असेल तर त्यानेही एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची. आपल्याकडे ऑनलाइन नोंदवल्या जाणाऱ्या बहुतेक लिव्ह अँड लायसन्स करारांत ही ओळ असतेच, कारण नमुन्यातच ती छापलेली आहे. म्हणजे मालकाने स्वतःच्या अंगठ्याने एक महिना कबूल केला होता. बुधवारी रात्री तो विसरला.

हे मी या सदरात लिहितोय कारण हा फोन एका मुलीचा नाही. दर एप्रिल-मेमध्ये असे फोन येतात. आणि ज्यांना एजंटचा असा निरोप येतो त्यातले निम्मे लोक रविवारी टेम्पो बोलावतात. भांडायची ताकद नसते, नोकरी नवी असते, गावी आईला सांगायचं नसतं. सामान भरतात आणि मित्राच्या हॉलमध्ये जाऊन पडतात. कायदा त्यांच्या बाजूने उभा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तर सांगतो.

आपल्याकडे भाड्याने राहणारी माणसं दोन प्रकारची. एक भाडेकरू, दुसरा लायसन्सी. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, पण कायदा म्हणत नाही. भाडेकरूला जागेत हक्क असतो. लायसन्सीला फक्त परवानगी असते, ठरलेल्या मुदतीपुरती. चाळीत, जुन्या वाड्यात, पागडीच्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बहुतांशी भाडेकरू. अकरा महिन्यांचा करार करून फ्लॅटमध्ये राहणारे बहुतांशी लायसन्सी. दोघांना घराबाहेर काढायचे रस्ते वेगळे, नोटिशीची मुदत वेगळी, दाद मागायची जागाही वेगळी. हा फरक ज्याला ठाऊक नाही तो मालक चुकीची नोटीस काढतो आणि ज्याला ठाऊक नाही तो भाडेकरू खोट्या नोटिशीला घाबरतो.

आधी भाडेकरूचं बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अमलात आला ३१ मार्च २००० ला. त्याचं पंधरावं कलम प्रत्येक चाळीच्या जिन्यात लावावं असं आहे. भाडं थकलं म्हणून ताब्याचा दावा लावायचा असेल तर मालकाने आधी थकबाकीची लेखी मागणी करायची. ती नोटीस भाडेकरूच्या हातात पडल्यापासून ९० दिवस थांबायचं. तीन महिने. त्या मुदतीत भाडेकरूने पैसे चुकते केले तर त्या थकबाकीवर दावा उभा राहत नाही. आधीच्या, १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात हीच मुदत एक महिना होती, नव्या कायद्याने ती तिप्पट केली. आणि दावा लागल्यावरही दार पूर्ण बंद होत नाही. कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचं भाडं वेळेवर भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही.

एवढी सवलत कशाला, असं मालकमंडळी विचारतात. उत्तर साधं आहे. माणसाची नोकरी जाते, गिरणी बंद पडते, घरात आजारपण येतं. तीन महिने हा सावरायला लागणारा वेळ आहे. ज्याला सावरायचंच नाही तो तीन महिन्यांनीही भरणार नाही आणि मग त्याच्याविरुद्धचा दावा भक्कम उभा राहील.

आता नोटीस पोहोचवायची कशी? इथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो, कलम १०६. नोटीस लेखी हवी, देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीने कुणाची सही हवी. टपालाने पाठवावी, किंवा समक्ष हातात द्यावी, किंवा घरातल्या माणसाच्या वा नोकराच्या हाती त्याच्या राहत्या घरी द्यावी. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवावी. हे लिहिणारे लोक दीडशे वर्षांपूर्वीचे होते, पण पाकीट न घेणारा भाडेकरू त्यांनाही माहीत होता.

याच कलमात महिनेमहिना भाड्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस सांगितली आहे. भाडे कायद्याबाहेरच्या जागांना ती लागते. पूर्वी त्यात आणखी एक अट होती, मुदत भाड्याचा महिना संपतो त्याच दिवशी संपली पाहिजे. एका दिवसाची चूक झाली की नोटीस बाद, नोटीस बाद की दावा बाद, आणि पाच-सहा वर्षं पाण्यात. डिसेंबर २००२ मध्ये संसदेने ही अट काढून टाकली. आता नोटीस मिळाल्या दिवसापासून मुदत मोजतात आणि मुदत थोडी कमी लिहिली गेली एवढ्यावरून नोटीस बाद होत नाही, दावा पूर्ण मुदत उलटल्यावर लावलेला असला म्हणजे झालं. कायद्याने मालकांसाठी एवढी सोय केली. आणि तरीही मालक फोन करतो!

पाकिटाचं एक सांगायचंय, कारण ते मी जवळून पाहिलंय. आमच्या जुन्या गल्लीत एक वयस्क बाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब, आणि वाड्यातल्या दोन खोल्यांचं भाडं एवढीच मिळकत. एका खोलीतल्या माणसाने भाडं द्यायचं बंद केलं. मावशींनी पोस्टकार्डावर चार ओळी लिहून पाठवल्या. मग शेजारच्या मुलाकडून निरोप. मग गणपतीत समोरासमोर विनवणी. दोन वर्षं गेली. शेवटी वकिलाकडे गेल्या तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "नोटिशीची पोहोच आहे का?" नव्हती. मग रीतसर नोटीस गेली आणि आठवड्याने पाकीट परत आलं. पोस्टमनने निळ्या शाईत शेरा मारला होता, "घेण्यास नकार", खाली तारीख आणि सही. मावशींना वाटलं, संपलं, आपण हरलो. वकील म्हणाला, "मावशी, हे पाकीट उघडू नका. तसंच ठेवा." त्यांनी ते पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, मंगळसूत्राच्या पावतीशेजारी.

बरोबर पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेलं पाकीट नाकारलं, तर ते मिळालं असंच कायदा धरतो. विरुद्ध काही सिद्ध करायचं ओझं नाकारणाऱ्यावर. त्यामुळे पोस्टमन दारात आला की लपून बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पाकीट घ्या. वाचा. तुमचे ९० दिवस त्या क्षणापासून सुरू झालेत आणि दाराआड बसून तुम्ही ते फुकट घालवताय. मालकांनाही सांगतो, पत्ता करारात आहे तसाच लिहा, मजला आणि खोली नंबरासकट, आणि काउंटरवरची पावती जपा. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टात मिळवली. त्यामुळे आता स्पीड पोस्ट करताना नोंदणी आणि पोहोच मागून घ्या.

व्हॉट्सॲप चालेल का, हे हल्ली सगळे विचारतात. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर गेलेली नोटीस ग्राह्य धरली होती. ती पोहोचली होती आणि उघडून पाहिली गेली होती, हे खुणांवरून दिसत होतं. पण तो माणूस टाळाटाळ करत होता, घर बदलून गेला होता. राहत्या घरातून माणूस काढायचा असेल तर मोबाइलवर विसंबू नका. व्हॉट्सॲप जरूर करा, जास्तीचं म्हणून. कागद आधी.

आता लायसन्सी. इथे मालकाची बाजू कायद्याने बरीच भक्कम केलेली आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ हा दिवस जुन्या मालकांच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. त्या तारखेला चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरू ठरवलं. परवानगीने आलेली माणसं हक्काने राहिली. तेव्हापासून मालकाच्या मनात धास्ती बसली की हा माणूस घरात मुरला तर निघणार नाही. अकरा महिने, एजंटची घाई, रविवारपर्यंतची धमकी, सगळं त्या धास्तीतून येतं. धास्ती मला समजते. पण तिचा आधार आता उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याचं २४ वं कलम सांगतं की मुदत संपल्यावर लायसन्सीने जागा सोडायचीच. सोडली नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यायची. मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. लेखी करारात लिहिलेली गोष्ट तिथे निर्णायक पुरावा मानली जाते, आणि लायसन्सीला विरोध करायचा असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी मिळवावी लागते. भाडेकरूविरुद्धच्या दाव्यापेक्षा हा रस्ता कितीतरी आखूड आहे.

लक्षात घ्या, मुदत संपल्यावर. मुदतीच्या आत काढायचं असेल तर करारातली नोटीस द्यावीच लागते. आणि १८८२ चाच सुविधाधिकार कायदा सांगतो की परवानगी रद्द झाल्यावरही माणसाला जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे.

वाजवी वेळ. चोवीस वर्षांच्या मुलीला दुसरी खोली शोधायची, डिपॉझिट उभं करायचं, पोलीस पडताळणीचे कागद पुन्हा द्यायचे, मैत्रिणीच्या सुट्ट्या जुळवायच्या. बुधवार ते रविवार यात हे होत नाही.

अकरा महिन्यांमुळे नोंदणी टळते, हाही गैरसमज काढून टाका. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्यात नोंदणी सक्तीची, म्हणून अकराची प्रथा पडली. महाराष्ट्रात भाडे कायद्याच्या ५५ व्या कलमाने भाड्याचा आणि लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, कितीही महिन्यांचा असो. जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून महत्त्वाचं, वाद झाला तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हजार रुपयांची नोंदणी फी वाचवणारा मालक स्वतःचाच हात कापून घेतो.

एवढं सगळं असून मालक हातघाईवर का येतो? कारण त्याला वाटतं, नोटीस दिली की घर माझं. इथेच सगळी गफलत आहे. नोटिशीने करार संपतो. ताबा मिळत नाही. ताबा एकतर राहणाऱ्याने स्वतः द्यावा, नाहीतर कोर्टाने किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने द्यावा. तिसरा रस्ता नाही. कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढणं, मीटरची पिन काढणं, टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणं, हे सगळं बेकायदा. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, साफसफाई या गरजेच्या सोयी मालकाने तोडू नयेत असं भाडे कायद्याचं २९ वं कलम स्पष्ट बजावतं. तोडल्या तर कोर्ट जोडून द्यायला लावतं आणि शिक्षेचीही तरतूद आहे. सोसायटीच्या कमिटीतली माणसं मालकाच्या सांगण्यावरून भाडेकरूच्या गाडीला गेटवर अडवतात, त्यांनीही हे वाचावं.

कुलपाचं मला फार लागतं. कॉलेजात असताना मी एका वाड्यात खोली घेऊन राहत होतो. दिवाळीला गावी गेलो, परत आलो तर दाराच्या कडीत दोन कुलपं. एक माझं, पितळेचं, त्यावर मीच खिळ्याने नाव कोरलेलं. दुसरं नवं, काळं, त्याच्यावरचा दुकानाचा कागद अजून निघाला नव्हता. आत माझी पुस्तकं, गाद्या, आणि फराळाचा डबा ठेवायला रिकामी केलेली फळी. हातात डबा घेऊन मी उभा. चौकीवर गेलो तर हवालदार म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. तीन रात्री मित्राकडे काढल्या. चौथ्या दिवशी कॉलेजातल्या एका सरांनी ओळखीच्या वकिलाला मालकाकडे पाठवलं, तेव्हा काळं कुलूप निघालं.

त्या वकिलाने तेव्हा जे सांगितलं ते आजही तितकंच खरं आहे. १९६३ च्या विशिष्ट दिलासा कायद्याच्या सहाव्या कलमाखाली, कायद्याचा रस्ता सोडून ज्याला त्याच्या संमतीशिवाय जागेतून बाहेर काढलं त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर ताबा परत मिळतो. त्या दाव्यात जागा कुणाच्या मालकीची हा प्रश्नच येत नाही. जबरदस्तीने काढलं का, एवढंच बघतात. आणि त्या निकालावर अपील नाही. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात पुन्हा बजावलं की जागेत स्थिरावलेल्या माणसाला, त्याचा तिथे राहायचा हक्क उरलेला नसला तरी, कायद्याच्या मार्गानेच काढता येतं. हवालदारसाहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. सहा महिने हा आकडा मात्र तुम्ही लक्षात ठेवा.

एक सूचना मालकांसाठी, ती न पाळल्याने फार जणांचा घात झालाय. नोटिशीची मुदत संपली, माणूस निघाला नाही, आणि पुढच्या महिन्याचं भाडं यूपीआयने तुमच्या खात्यात येऊन पडलं. तुम्ही गप्प बसलात. मुदतीनंतरचं भाडं स्वीकारलं तर नोटीस सोडून दिल्यासारखी होते, असं उदाहरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ११३ व्या कलमाखालीच दिलेलं आहे. प्रत्येक वेळी तसंच ठरेल असं नाही, मालकाचा हेतूही बघितला जातो. पण वादाला तोंड फुटतं. त्याच दिवशी लेखी कळवा की ही रक्कम भाडं म्हणून नव्हे, जागा वापरल्याची भरपाई म्हणून घेतली आहे, नोटीस कायम आहे.

आणि राहणाऱ्यांनो, तुमच्याकडूनही कागद अपेक्षित आहे. "उद्या चावी वॉचमनकडे ठेवतो" ही नोटीस होत नाही. करारात लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ जागा न सोडण्याची अट, असेल तर ती पाळा. महिन्याची लेखी नोटीस द्या, चावी देताना मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिटची निम्मी भांडणं त्या एका कागदाने मिटतात.

तर ती मुलगी. तिने मालकाला साधं पत्र लिहिलं, मराठीत, आठ ओळी. आपल्या करारानुसार एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, ती मिळेपर्यंत मी इथेच राहीन, भाडं नेहमीप्रमाणे देईन. स्पीड पोस्टाने पाठवलं, पावतीचा फोटो मला धाडला. रविवारी टेम्पो आला नाही. सोमवारी संध्याकाळी मालक स्वतः आले, निवृत्त गृहस्थ, हातात घडी घातलेला कागद. मुलगा बंगळुरूहून परत येतोय, घर खरंच हवं होतं. एजंटने "मी बघतो" म्हटलं आणि त्यांनी त्याच्यावर सोडलं. कागदावर तीन तारीख होती, दिला आठ तारखेला. तिने वाचला आणि म्हणाली, "काका, महिना आजपासून मोजायचा." त्यांनी खिशातून पेन काढलं, तीनवर काट मारली, आठ लिहिलं, शेजारी सही केली. तिने खाली लिहिलं: मिळाली, आठ तारीख, संध्याकाळी सव्वासात.